मरणोत्तर पदवी

अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या ऑफिसच्या मागे डेटा सेंटर्स आहेत. प्रचंड, राखाडी, एकही खिडकी नसलेल्या इमारती. त्यांची घरघर सतत चालू असते. नवीन माणूस पहिल्या दिवशी विचारतो, हा आवाज कसला? आम्ही म्हणतो, कुठला आवाज? माझा नवरा अशाच एका इमारतीत काम करतो. त्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे अमेरिकेत आलो, आणि डिपेंडंट व्हिसावर सहा वर्षं घरात काढल्यावर मला ही नोकरी लागली.

काम असं, की परदेशात शिकून आलेल्या माणसाची पदवी इथल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची आहे हे तपासून अहवाल द्यायचा. मी पुण्यात असताना हौसेनं स्पॅनिश शिकले होते, पार वरच्या परीक्षेपर्यंत. त्यामुळे मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतचे सगळे कागद माझ्या टेबलावर येतात. (माझी स्वतःची एम.ए. याच खुर्चीवर आधी बसणाऱ्या बाईनं तपासली होती आणि एक पायरी खाली उतरवली होती. ते असो.)

या कामात शब्द फसवतात. काही देशांत 'बाचियेरातो' म्हणजे नुसती बारावी, काही देशांत पदवीच्या अलीकडची पायरी. 'लिसेन्सियादो', बाई असेल तर 'लिसेन्सियादा', म्हणजे चार-पाच वर्षं शिकून, प्रबंध लिहून, तो तीन परीक्षकांसमोर उभं राहून मांडलेला माणूस. आणि ज्यानं सगळे पेपर दिले पण प्रबंध मांडला नाही, तो 'एग्रेसादो', म्हणजे नुसता बाहेर पडलेला. असे बाहेर पडलेले लोक हजारोंनी असतात आणि जन्मभर तसेच राहतात. तिकडे पदवी हे नुसतं कागदावरचं प्रकरण नाही. आपल्याकडे डॉक्टरसाहेब, वकीलसाहेब म्हणतात तसं तिकडे दुकानदार, शेजारी, बँकेतला शिपाई, सगळे हाक मारताना म्हणतात, "या इंजिनियर," "बसा लिसेन्सियादा." एग्रेसादोला कोणी काही म्हणत नाही.

ती बाई आली तेव्हा थंडी ओसरत आली होती. पस्तिशीची असेल. बारीक, नीट विंचरलेले केस, डाव्या भुवईत मध्येच एक खंड, जखमेच्या जुन्या व्रणामुळे. जवळच्याच एका प्राथमिक शाळेत मदतनीस होती. मुलांना डबे उघडून द्यायचे, रांगेत उभं करायचं. शाळेला दोन भाषा येणारी शिक्षिका हवी होती आणि मुख्याध्यापिकेनं तिला सांगितलं होतं, पदवीचे पेपर्स आण, तुलाच घेते.

"तुमच्याकडे पदवी आहे ना?" मी विचारलं.

"आहे, लिसेन्सियादा," ती म्हणाली आणि एका टॉवेलमध्ये गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी माझ्यासमोर ठेवली.

मध्य अमेरिकेतल्या एका डोंगराळ देशातल्या विद्यापीठाची पदवी होती. जाड कागद, उठावाचा शिक्का, मागच्या बाजूला नोंदवहीचा खंड आणि पान क्रमांक. नाव तिच्या वर्क परमिटवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. फक्त कागदाच्या खालच्या कडेला मेणाचे थेंब वाळलेले होते आणि एक गोल पांढुरका डाग होता, पेल्याच्या बुडाएवढा. कोणीतरी याच्यावर कॉफी ठेवली असेल, असं मला वाटलं. लोक कशावर काय ठेवतील काही सांगता येत नाही.

तिकडच्या कित्येक पदव्यांवर फोटो चिकटवलेला असतो. हिच्याही होता. झगा आणि चौकोनी टोपी घातलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी. भुवईतला खंड होता, म्हणजे चेहरा हिचाच. पण मला काहीतरी खटकत होतं. मी भिंग घेतलं. मान हनुवटीखाली एका सरळ रेषेत बदलत होती. वरचा रंग गव्हाळ, खालचा गोरा. कोणीतरी दुसऱ्याच बाईच्या झग्यातल्या शरीरावर हिचं डोकं बसवलं होतं.

"हा फोटो कुठे काढला?" मी सहज विचारलं.

"मी तिथे नव्हते," ती म्हणाली.

पदवी घेताना हजर नसेल, असा मी अर्थ घेतला. फॉर्म भरून घेतला, पावती दिली, आणि नेहमीप्रमाणे विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयाला ईमेल टाकली: खंड अमुक, पान तमुक, ही पदवी खरी आहे का कळवावे. मग दुपारी सवडीनं सगळा मजकूर वाचायला घेतला. शेवटच्या ओळीची अक्षरं इतकी वळणदार होती की मी सकाळी ती नक्षी समजून सोडून दिली होती. तिथे लिहिलं होतं, ही पदवी मरणोत्तर प्रदान करण्यात येत आहे.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग बाहेर रिसेप्शनमध्ये जाऊन पाहिलं. का गेले ते सांगता येणार नाही. ती केव्हाच निघून गेली होती. तिनं सही करून ठेवलेलं माझं पेन मात्र काउंटरवर होतं, आणि ते उचलायला मला दोन-तीन मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. अशा चौकशीला उत्तर म्हणून साधारणपणे दोन ओळींची ईमेल येते, तीही महिन्यानं. या वेळी नोंदणी कार्यालयातली बाई स्वतः बोलत होती.

"पदवी खरी आहे," ती म्हणाली. "नोंद माझ्या समोर उघडी आहे. पण मला सांगा, ती तुमच्याकडे कोणी आणली?"

"ते मला सांगता येत नाही."

"तिची आई गेल्या वर्षी वारली. भाऊ-बहीण नाही. म्हणून विचारते. कोण आणेल?"

नियमाप्रमाणे मी फोन ठेवायला हवा होता. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी म्हटलं, "अर्जदार स्वतः आली होती."

पलीकडचे टाइप करण्याचे आवाज थांबले. मग ती एकदम हळू बोलायला लागली, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये तशी. "आम्ही एका वर्गात होतो. मी तिच्या पेटीला खांदा दिलाय. मी आणि वर्गातल्या तिघी. डोंगराची दरड बसवर आली होती. पेटी उघडू नका म्हणाले, म्हणून उघडली नाही." मग तिनं विचारलं, "कशी दिसते ती?"

मी सांगायला नको होतं. "डाव्या भुवईत एक खंड आहे," मी म्हणाले.

"ग्रंथालयाच्या पायरीवर पडली होती," ती म्हणाली. "मीच रुमाल धरला होता." आणि फोन कट झाला.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं. नाव-गाव काही न सांगता, नुसती हकिगत. नवरा पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, "यार, तू यात पडू नकोस. रूल काय आहे तो लिही, रिपोर्ट क्लोज कर. फ्रॉड असेल तर तुझ्यावर येईल." आमची नववीतली मुलगी फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "सो शी इज लाइक, अ घोस्ट विथ अ डिग्री?" मी तिच्यावर विनाकारण चिडले. जेवण झाल्यावर भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, की तो डाग कॉफीचा नसणार. मेलेल्या माणसाच्या तसबिरीपुढे तिकडे मेणबत्ती लावतात आणि पाण्याचा पेला ठेवतात. ही पदवी कोणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं तसबिरीसारखी पुजली गेली होती.

नियम स्पष्ट होता. मरणोत्तर पदवी हा मान असतो, ती शिकून मिळवलेली नसते. शिक्षण पूर्ण, प्रबंध सादर नाही, पदवी नाही, असाच अहवाल निघणार होता. तो मी पोस्टानं पाठवू शकले असते. मी तिला बोलावून घेतलं.

आमच्या छोट्या मीटिंग रूममध्ये ती समोर बसली. मी तिच्याकडे पदवी सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला वाटलं तुम्ही फक्त शिक्का बघता," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. खोटं बोलले. कोणीतरी बघावं असं वाटत होतं."

तिनं जे सांगितलं ते असं. तिचा प्रबंध लिहून झाला होता. सोमवारी तो कार्यालयात द्यायचा आणि दोन आठवड्यांनी परीक्षकांसमोर मांडायचा, एवढंच उरलं होतं. त्याच सुमारास तिच्या वस्तीतल्या एका माणसानं तिच्या आईला निरोप पाठवला, की मुलगी मला द्या. तो असा माणूस होता की ज्याला नाही म्हणता येत नव्हतं. नाही म्हटलेल्या एका घराची राख तिनं पाहिली होती. तिनं कोणालाच न सांगता उत्तरेकडे निघायचं ठरवलं. आईलाही सांगितलं नाही, कारण त्यानं आईला विचारलं असतं तर आईला खरंच काही माहीत नसावं. फक्त होस्टेलच्या खोलीत तिच्यासोबत राहणारी मैत्रीण होती, तिच्या हातात तिनं आपली पिशवी दिली. पिशवीत प्रबंध आणि ओळखपत्र. "सोमवारी माझ्या नावानं देऊन टाक, म्हणजे मी अजून इथेच आहे असं वाटेल."

मैत्रीण सोमवारी ती पिशवी घेऊन बसमध्ये चढली.

"मी तेव्हा सीमेपलीकडे एका गोदामात होते," ती म्हणाली. "टेक्सासला पोचल्यावर गावाकडच्या मावसबहिणीला फोन केला. ती ओरडलीच. मग रडली. मग म्हणाली, अशीच मेलेली राहा. तो माणूस तुझ्या मातीला आला होता, छाती पिटून रडला, आणि निघून गेला. आता तो तुझ्या आईकडे परत येणार नाही."

"आणि आईला?"

"आईला खोटं रडता आलं नसतं."

विद्यापीठानं प्रबंध पिशवीतून काढून वाळवला, आणि आईच्या विनंतीवरून पदवी दिली. झग्यातला फोटो नव्हता, म्हणून गावातल्या स्टुडिओवाल्यानं ओळखपत्रावरचा चेहरा कापून दुसऱ्या कोणाच्या तरी फोटोवर बसवला. आई वारल्यावर मावसबहिणीनं पदवी टॉवेलमध्ये गुंडाळून पाठवून दिली.

"तो माणूस?" मी विचारलं.

"मेला. चार वर्षं झाली. तो खरंच मेला."

"मग आता तर तुम्ही सांगू शकता."

तिनं नाही म्हणून मान हलवली. मागच्या इमारतींची घरघर मला त्या दिवशी स्पष्ट ऐकू येत होती. मग तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली.

मैत्रिणीच्या गावी सगळ्यांना वाटत होतं, की ती मैत्रीणच पळून अमेरिकेला गेली. कारण बस दरडीखाली सापडली त्या दिवसापासून ती दिसेनाशी झाली होती, आणि बसमधल्या सगळ्या मेलेल्यांना नावं मिळाली होती. तिची आई मुलीच्या फोनची वाट बघत बसली. पहिल्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, या बाईनं त्या आईला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवून. पलीकडून म्हातारीनं हॅलो म्हटलं, मग थोडं थांबून आपल्या मुलीचं नाव घेतलं. "तू आहेस का गं?"

"माझ्या तोंडून शब्द फुटेना," ती म्हणाली. "फोनही ठेववेना. ती बोलायला लागली. कोंबड्या, रस्ता, गुडघा. वीस मिनिटं बोलली. शेवटी म्हणाली, तुला बोलायचं नसेल तर नको बोलू, पण फोन करत जा."

"मग?"

"दर डिसेंबरला करते. मी बोलत नाही. ती बोलते."

अकरा वर्षं. एकीकडे ही स्वतःच्या नावानं मेलेली आणि दुसरीकडे मेलेल्या मुलीच्या नावानं जिवंत.

माझ्या ईमेलमुळे ही गोष्ट आता तिच्या एकटीची राहिलेली नाही, हे मला सांगावंच लागलं. नोंदणी कार्यालयातल्या वर्गमैत्रिणीचा फोन, भुवई, रुमाल, सगळं सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "मग त्या आईला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको." तिनं पर्समधून फोन काढला. "तुम्ही इथे बसाल का?"

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीच्या पट्ट्यांतून टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं. तिनं स्पीकर लावला. खूप वेळ रिंग वाजली. मग एक म्हातारा, घोगरा आवाज आला. "हॅलो?"

ही गप्प. सवयच ती.

"आज कसा काय फोन?" म्हातारी म्हणाली. "डिसेंबर नाही. बरी आहेस ना?" आणि ती नेहमीसारखी बोलायला लागली. पाऊस उशिरा आला. शेजारच्यांनी नवीन पत्रे घातले. मी टेबलाकडे बघत बसले होते. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

"आई," ही म्हणाली. तिकडे वडीलधाऱ्या बाईला तसं म्हणतात. "मी ती नाही."

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला.

"माहितीये," म्हातारी म्हणाली. "तिसऱ्या वर्षीच कळलं. माझी पोर श्वास घ्यायची तेव्हा नाकात बारीक शिट्टी वाजायची. लहानपणापासून. तुझी वाजत नाही."

"मग तुम्ही माझ्याशी बोलत का राहिलात?"

"तू फोन करत राहिलीस म्हणून." मग तिनं विचारलं, "ती कुठे आहे, ते तुला माहीत आहे का?"

हिनं आपलं नाव सांगितलं. मग म्हणाली, "माझ्या थडग्यात."

पलीकडून आवाज आला. "तिथे मी जाऊन आलेय. माझ्या पोरीची मैत्रीण म्हणून. फुलं घेऊन गेले होते, तुझ्यासाठी." मग तिचा श्वास ऐकू यायला लागला, नुसता श्वास, आणि ही बाई टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मी उठून दार लावून घेतलं.

पुढचं सगळं कागदावर झालं आणि त्याला सव्वा वर्ष लागलं. तिनं विद्यापीठाला आणि तिथल्या कोर्टाला पत्रं लिहिली; अर्ज कसे करायचे ते मी ऑफिसच्या वेळेबाहेर बघून दिलं. बॉसला मी सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, फाइल 'प्रतीक्षेत' ठेव, आणि पुन्हा त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. तिकडे थडगं उघडलं. हाडं आणि म्हातारीची लाळ तपासायला गेली. निकाल आला, हाडं म्हातारीच्याच मुलीची होती. नोंदणी कार्यालयातली वर्गमैत्रीण मधूनमधून मला ईमेल टाकायची. एकदा तिनं लिहिलं, की नोंदवहीत 'मृत' असं लिहिलेल्या ओळीपुढे 'जिवंत' असं लिहायला रकानाच नाही, समासात लिहू का, म्हणून तिनं वरच्या साहेबांना विचारलंय.

शेवटी विद्यापीठानं तिला प्रबंध मांडायची परवानगी दिली. व्हिडिओवर. शनिवारी सकाळी, आमच्याच मीटिंग रूममध्ये. घरी दोन भाषा बोलणाऱ्या लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं, हा विषय. तिनं निळा कोट उसना आणला होता. स्क्रीनवर तिघे परीक्षक होते आणि त्यांच्या मागे खुर्चीत वर्गमैत्रीण. मधल्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं प्रबंधाची जुनी प्रत हातात धरली होती. पाण्यानं फुगलेली, कडा तपकिरी. ती समोर दिसल्यावर ही क्षणभर अडखळली. त्या पिशवीत ती प्रत शेवटी कोणाच्या मांडीवर होती, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग ती पाणी प्यायली आणि बोलायला लागली, आणि पाऊण तास बोलली. प्रश्न झाले. परीक्षक उठून बाहेर गेले, परत आले, आणि उभं राहून मधले प्राध्यापक म्हणाले, "अभिनंदन, लिसेन्सियादा."

नवीन पदवी चार महिन्यांनी आली, नव्या फोटोसह. मी भिंग लावून पाहिली, कामच आहे ते, आणि अहवालात लिहिलं: अमेरिकेतील बॅचलर पदवीच्या समकक्ष. जुनी पदवी विद्यापीठानं परत मागवली होती. मीच ती कुरिअर केली. आता ती बाई शेजारच्या काउंटीत पहिलीच्या वर्गाला शिकवते.

गेल्या महिन्यात ग्रोसरी स्टोअरमध्ये ती भेटली. म्हातारीशी आता दर रविवारी बोलणं होतं म्हणाली, आणि आता दोघी बोलतात. थडग्यावर मैत्रिणीच्या नावाचा नवीन दगड बसवला. जुना दगड फोडून टाकणार होते, पण म्हातारीनं तो मागून घेतला आणि गाड्यावर घालून घरी नेला. अंगणात नळापाशी टाकलाय.

"माझ्या नावावर ती कपडे धुते," ती म्हणाली. तिला हसायचं होतं की काय, मला कळलं नाही.

"तिला सांगत का नाही तो उलटा करायला?" मी म्हणाले.

"सांगितलं. म्हणाली, खालची बाजू खडबडीत आहे."